चाळणी घेऊन केळशी ते लाडघर

दापोलीच्या किनाऱ्यावर मी याआधी तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा केलं काय, तर भेळ खाल्ली, पाय भिजवले आणि सूर्यास्ताचे फोटो काढले. या खेपेला गाडीच्या डिकीत दोन स्टीलच्या चाळण्या, चार पातेली, काचेच्या बरण्या, लाकडी पट्ट्यांची एक चौकट आणि माझी भाची असा ऐवज होता. भाची डिकीत नाही, पुढच्या सीटवर. पण सामानाच्या मानाने जागा तिला कमीच होती.

ती एम.एस्सी. करतेय, पर्यावरणशास्त्रात. प्रबंधाचा विषय, पुळणीवरचं मायक्रोप्लॅस्टिक. तिच्या आईला सुट्टी नाही, बाबांना समुद्र लागतो (किनाऱ्यावर उभं राहूनसुद्धा). बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आणि गाडी चालवणारी मावशी तेवढी मोकळी होती.

दिवस पहिला: ताम्हिणी ते केळशी

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. ताम्हिणीत थंडी इतकी की सेलमध्ये घेतलेलं गुलाबी फ्लीसचं जॅकेट मी गळ्यापर्यंत ओढून बसले. माणगावला मिसळ, लोणेऱ्याला उजवीकडे वळून आंबेत, मग मंडणगड. रस्त्याबद्दल तक्रार करावी असं काही घडलं नाही.

वाटेत शिकवणी झाली. पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारण मसुराच्या दाण्याएवढा आणि त्याहून बारीक तुकडा, त्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणायचं. हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला तो ब्रिटनमधल्या प्लिमथच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या 2004 च्या निबंधानंतर. काही तुकडे मोठ्या वस्तूंचा चुरा होऊन बनतात, काही कारखान्यातूनच बारीक निघतात, आणि काही कपडे धुताना सुटलेले धागे असतात.

मी म्हटलं, "हे बघ, पुण्याचा कचरा मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातो. अरबी समुद्राचं आम्ही पुणेकर काही देणं लागत नाही."

"हं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मंडणगडला वाण्याकडे पाच किलो जाड मीठ मागितलं. "फेब्रुवारीत लोणचं?" त्याने विचारलं. मी खरं कारण सांगितलं. त्याने मिठाच्या पिशव्यांबरोबर मला एक लिमलेटची गोळी दिली, बहुधा काळजीपोटी.

केळशीत बाराच्या पुढे पोचलो. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारी अरुंद पाखाडी, जांभ्या दगडाचे गडगे, आंब्याला आलेला मोहोर. घरगुती मुक्काम होता. जेवायला वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाचा पापड, सोलकढी. मी दोनदा भात घेतला आणि त्याची मला अजिबात लाज नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* केळशीत हॉटेलं शोधू नका, घरोघरी सोय होते, पण जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. मोबाइलला रेंज गावात येते, पुळणीवर जाते. रोख पैसे जवळ असू द्या.

आता भरतीचं गणित. भाचीकडे ॲप होतं, माझ्याकडे आजोबांची पाऊणकी. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरल्या भरतीची वेळ येते. त्या दिवशी वद्य तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती आणि त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ॲपमध्ये आणि आजोबांमध्ये थोडाच फरक निघाला. भाचीने वहीत दोन्ही वेळा लिहून ठेवल्या.

पौर्णिमेनंतर जायचं हेही ठरवूनच. पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी सगळ्यात वर चढतं आणि मागे कचऱ्याची एक रेषा सोडून जातं. पुढच्या दिवसांची भरती तिथवर पोचत नाही, म्हणून ती रेषा तशीच राहते. केळशीला ती पार सुरूच्या बनाला टेकलेली होती. वाळलेलं शेवाळ, काटक्या, सुरूची बोंडं, शिंपल्यांचा चुरा. लांबून बघाल तर पुळण झाडून घेतल्यासारखी स्वच्छ. माणूस नाही, वेफर्सचं पाकीट नाही.

"इथे काय मिळणार तुला?" मी विचारलं.

तिने अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट रेषेवर मांडली आणि मला गुडघ्यावर बसायला लावलं. नाक वाळूपासून वीतभर. आधी काहीच दिसेना. मग एक निळा कण दिसला. तो दिसल्यावर त्याच्या शेजारचा हिरवा दिसला. मग पांढरे. पाच मिनिटांत माझे डोळे असे काही फिरले की वाळू कमी आणि रंग जास्त दिसायला लागले. तांदूळ निवडताना एक खडा सापडला की मग ताटभर खडेच दिसतात, तसं.

निळे-हिरवे बहुतेक दोरखंडाचे तंतू. होडीचा दोर घासून घासून सुटलेले, केसांसारखे, वाळूत अर्धे रुतलेले. ओढले तर निघतात, पण मधेच तुटून एकाचे दोन होतात. पांढरे म्हणजे थर्माकोलचे मणी. ते मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी ताटलीत एकेक वेचत तिसाच्या पुढे गेले आणि खाडीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. तीसच्या तीस पुळणीवरून उड्या मारत दिसेनासे झाले. उरलेले दोन माझ्या बोटाला चिकटून होते, झटकले तरी सुटेनात.

"वहीत काय लिहू?" मी विचारलं.

"दोन लिही. आणि पुढे 'वारा' लिही."

चौकटीतली वरची पाच सेंटीमीटर वाळू काढायची असते. ऐकायला चमचाभर वाटतं; प्रत्यक्षात घमेलंभर निघते आणि ओली वाळू बारीक चाळणीतून पडत नाही. मग समुद्राचं पाणी ओतत, चाळणी हलवत, कंबर धरत सूर्य बुडेपर्यंत दोन चौकटी झाल्या. बाजूला तिने काचेची एक उघडी बशी ठेवली होती, आत ओला फिल्टर पेपर. मला वाटलं समुद्राला नैवेद्य. तर ती हवेतून काय पडतं ते पकडण्यासाठी. आपल्या चाळणीत आलेला कण वाळूतलाच आहे की वाऱ्यावरून आलाय, हे नंतर त्यावरून ताडून बघता येतं. वारा गार झाला तशी मी जॅकेट चढवलं आणि बशीशेजारी बसून सूर्यास्त बघितला. फोटोही काढले. सवय जात नाही.

दिवस दुसरा: केळशीची टेकडी, आंजर्ले, हर्णै

चार पाऊणे तीन. सकाळी नऊच्या ओहोटीला पुन्हा पुळण, आणि मग खाडीजवळची वाळूची टेकडी. ही केळशीची खरी नवलाई. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अभ्यास केला आणि ही वाळू त्सुनामीच्या लाटेने आणून टाकली असं मत मांडलं. 1524 मध्ये दाभोळच्या जवळ वास्को द गामाच्या जहाजांना समुद्रातल्या भूकंपाचा हादरा बसला होता, त्याच्याशी त्यांनी ती जोडली. टेकडीत जुनी खापरं, नाणी, हाडं मिळालेली आहेत.

आम्ही टेकडीला हात लावला नाही. पण तिच्या पायथ्याशी उधाणाने वाळूचा एक काठ कापला होता, गुडघाभर उंचीचा. त्यात फिकट आणि गडद वाळूच्या रेघा एकावर एक, आणि वरून वीतभर खाली एक पातळ निळसर रेघ. बोट लावलं तर दुधाच्या पिशवीचा कोपरा. वर वाळू, खाली वाळू, मधे पिशवी. तिच्यावर इतकी वाळू चढायला किती पावसाळे लागले असतील याचा आम्ही अंदाज करत बसलो आणि आमचा अंदाज जमला नाही. भाचीने फोटो काढला, पट्टी शेजारी ठेवून.

केळशीहून आडे-पाडलेमार्गे आंजर्ल्याचा रस्ता समुद्राला धरून जातो. संकष्टी होती हे मी विसरले होते, कड्यावरच्या गणपतीची रांग बघून आठवलं. उजव्या सोंडेचा गणपती, वरून दिसणारा सुवर्णदुर्ग, आणि मला आठवलेला उपास. पायथ्याशी साबुदाण्याची खिचडी मिळाली. उपास कुठल्या दिवशी येतो यालाही नशीब लागतं, कारण संध्याकाळचा कार्यक्रम हर्णैच्या मासळी लिलावाचा होता.

आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवांच्या अंड्यांसाठी जाळीचं कुंपण आहे. मादी रात्री येऊन अंडी घालून जाते, ती कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचावीत म्हणून इथे आणून पुन्हा पुरतात, वर तारखेची पाटी. राखणीला एक तरुण मुलगा होता. घरटं कसं खणतात ते त्याने हाताने दाखवलं, सुरईसारखं, तोंडाशी अरुंद आणि आत फुगीर. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, हे त्याला पाठ होतं. भाचीने त्यात भर घातली. हवाई बेटावर कामिलो नावाची पुळण आहे, तिथल्या अभ्यासात असं दिसलं की प्लॅस्टिक मिसळलेली वाळू सावकाश तापते आणि तिच्यातून पाणी लवकर निचरतं.

मुलगा जरा थांबला. म्हणाला, "म्हणजे नर जास्त होतील?"

"तेवढं कोणी मोजलेलं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण प्रश्न लिहून घेते." आणि खरंच वहीत लिहिला.

*कासवं बघायची असतील तर:* पिल्लं साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत बाहेर पडतात. वेळासला आणि आंजर्ल्याला कासव महोत्सव भरतो. पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, पण ती निघतील याची हमी कोणी देत नाही. फ्लॅशचा फोटो काढू नका, आणि पोरांना दोरीच्या मागे धरून ठेवा.

पुलावरून खाडी ओलांडून चारच्या सुमाराला हर्णै. होड्या लांब पाण्यात उभ्या, बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात शिरून मासळी आणतायत, समोर सुवर्णदुर्ग. वाळूवर पापलेट, सुरमई, म्हाकूल, कोलंबीचे ढीग. लिलाव डोळ्यांनी आणि भुवयांनी चालतो. मी कान खाजवला तर सुरमई माझ्या नावावर जाईल अशी भीती वाटत होती. आणि मला उपास. भाची तिथेच ठरवत होती की रात्री काय तळायचं.

गर्दीपासून जरा बाजूला एक वयस्कर चाचा जाळं दुरुस्त करत बसले होते. फाटका भाग कापायचा, नवा विणायचा. कापलेले नायलॉनचे तुकडे नखाएवढे, ते पायाशी पडत होते आणि वाळूत मिसळत होते. भाची त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने केळशीची डबी दाखवली. त्यांनी एक निळा तंतू चिमटीत धरला, उन्हात बघितला.

"हा दोर आमचाच," ते म्हणाले. "लपवू कशाला."

वडिलांच्या वेळी सुती जाळी होती, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून मुरवायची, नाहीतर कुजत. बोये लाकडाचे. दर चार दिवसांनी जाळं वाळत घालायचं, बायकापोरांचा अर्धा जन्म त्यात गेला. नायलॉन आलं आणि तो जाच संपला. "आता कुजत नाही, हेच त्याचं सुख. तुम्ही म्हणताय हेच त्याचं दुःख. दोन्ही खरं, ताई."

मग त्यांनी पायाशी पडलेले तुकडे गोळा केले, मुठीत धरले आणि इकडेतिकडे बघितलं. टाकायला जवळपास डबा नव्हता. शेवटी आमच्याच पातेल्यात टाकले.

किनाऱ्यावर नावं ठेवायला मला पर्यटक हवे होते. वेफर्सवाले, बाटल्या फोडणारे. ते आहेतच. पण चाळणीत जे येतं त्यावर नाव नसतं. बर्फाच्या थर्माकोलच्या पेट्या, मासळीचे क्रेट, दोर, जाळी. हे सगळं ज्याच्या पोटावर हा गाव उभा आहे त्याचाच चुरा आहे. चाचांना मी काय सांगणार होते, पुन्हा सुती जाळं विणा म्हणून?

रात्री मुरुडला मुक्काम. साडेनवाच्या पुढे चंद्र उगवला, मी वरण-भात जेवले. शेजारच्या ताटात पापलेट होता.

दिवस तिसरा: मुरुड, कर्दे, लाडघर

महर्षी कर्व्यांचं मुरुड आता पॅरासेलिंगचं झालंय. पुळण लांबरुंद, कठीण, म्हणून लोक थेट गाड्या घालतात. टायर झिजून उडणारा चुराही मायक्रोप्लॅस्टिकमध्येच धरतात, हे मला इथे कळलं, चारचाकी आमच्या चौकटीला वळसा घालून गेली तेव्हा.

सकाळी किनारा साफ करणारी माणसं येऊन गेली होती. बाटल्या, पिशव्या उचललेल्या. रेषेवर उरलं होतं ते त्यांच्या हाताला न येणारं. बाटल्यांची झाकणं मात्र पुष्कळ, आणि त्यांच्या मानाने बाटल्या कमीच. मी म्हटलं, बाटल्या भंगारवाले नेत असतील. तेही आहे, पण भाचीने दुसरं कारण सांगितलं. झाकणाचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगत येतं. बाटलीचं जड, आत पाणी भरलं की ती तळाला जाते. म्हणजे जे किनाऱ्याला लागतं ते तरंगणारं तेवढंच. निळ्या-पांढऱ्या कानकाड्याही होत्या, काड्यांचा कापूस केव्हाच गेलेला. या प्लॅस्टिकच्या काड्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्या आधीच्या की नंतरच्या, ते काडी सांगत नाही.

आणि इथेच ते दाणे सापडले. साबुदाण्यासारखे, एक बाजू चपटी, पिवळट पडलेले. एकूण पाच. मी उपासाच्या भरात खरोखरच साबुदाणा म्हणाले. हे प्लॅस्टिकचे कच्चे दाणे. कारखान्यात वितळवून त्यांच्या वस्तू करतात. ते कोणी वापरून फेकलेले नसतात, वाहतुकीत सांडलेले असतात. 2021 मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं तेव्हा श्रीलंकेच्या पुळणी अशा दाण्यांनी बर्फ पडल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. मे 2025 मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा 3 बुडालं, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरही ते आले. आमचे पाच कुठून आले ते कळायला मार्ग नाही. पण किती पिवळे पडलेत यावरून ते बरेच दिवस उन्हापाण्यात आहेत, एवढं ती म्हणाली. टोकियोचे प्राध्यापक हिदेशिगे ताकादा जगभरच्या पुळणींवरून असे दाणे पोस्टाने मागवतात, कारण समुद्रातली डीडीटीसारखी विषं ते शोषून घेतात आणि किनाऱ्या-किनाऱ्याचं प्रदूषण त्यांवरून ताडता येतं. पाचपैकी एक मी ठेवून घ्यायला मागितला. मिळाला नाही.

दुपारी कर्द्यात माझं पारणं फिटलं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, वर सुकटीची चटणी. सुकट तोंडाजवळ नेली आणि भाची म्हणाली, "हे अख्खं खातात ना? पोटासकट?" मी तिच्याकडे बघितलं. ती गप्प बसली आणि तिनेही घेतली. तिसऱ्यांचं सुकं मात्र दोघींनीही न बोलता संपवलं, समुद्राचं पाणी गाळून जगणारा हा प्राणी आहे हे त्या वेळी दोघींनाही माहीत असताना.

*खाण्याबद्दल:* कर्द्यात-मुरुडात मासळी त्या दिवशी काय आली ते विचारून मगच सांगा. फ्रीजमधली सुरमई मागवण्यापेक्षा ताजा बांगडा शंभर पटींनी बरा. पाण्याची स्टीलची बाटली न्या, घरगुती मुक्कामांत भरून देतात.

लाडघरला संध्याकाळी. तामसतीर्थाजवळ किनारा तांबूस गोट्यांचा, आणि त्यामुळे पाणीही तांबूस दिसतं. देखणं, पण आमच्या कामाला वैरी. लाल प्लॅस्टिक कुठलं आणि लाल खडा कुठला, डोळ्यांना कळेना. मुक्कामाच्या ओटीवर भाचीने मेणबत्तीवर सुई लाल केली आणि एकेका कणाला टोचायला लागली. खडा तसाच राहतो, प्लॅस्टिक वितळून सुईला तार धरतं. घरच्या काकू पदर खोचून बघायला बसल्या. "पाकाची तार बघतात तशी की गं," त्या म्हणाल्या, आणि पुढचे दहा कण त्यांनीच टोचले. त्यांचा हात भाचीपेक्षा स्थिर होता.

मीठही तिथेच कामाला आलं. लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅमच्या वर मीठ विरघळवलं की ते इतकं जड होतं की त्यात वाळू खाली बसते आणि हलकं प्लॅस्टिक वर येतं. पण आधी ते मिठाचं पाणी गाळून घ्यावं लागतं, कारण मिठातही मायक्रोप्लॅस्टिक असतं. मुंबईच्या आयआयटीने 2018 मध्ये आपल्या समुद्री मिठात ते दाखवलंय. काकूंनी हे ऐकलं आणि स्वयंपाकघरातल्या बरणीकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाल्या, "चहा टाकते. त्याला मीठ लागत नाही."

बरणीत वाळू ओतून ढवळली, दहा मिनिटं थांबलो. कंदिलाएवढ्या उजेडात वरच्या पाण्यावर हळूहळू ठिपके आले, निळे, पांढरे, एक पोपटी. दिवसभर वाळूत नाक खुपसून जे मला दिसलं नव्हतं ते.

दिवस चौथा, आणि त्यानंतर

परतीचं सांगण्यासारखं काही नाही. दापोलीला कोकम आगळ आणि आमसुलं घेतली. मंडणगडच्या वाण्याने लोणचं कसं झालं ते विचारलं.

आठवड्याने भाची घरी आली. कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने आधी केळशीची ती उघडी बशी तपासली होती. हवेतून काय पडलं ते बघायला ठेवलेली. मोबाइलवर फोटो दाखवला. फिल्टर पेपरच्या पांढऱ्या जाळीवर एक धागा, कुरळा, वेलांटीसारखा वळलेला, गुलाबी.

"मावशी, जाताना सुती कपडे घाल म्हटलं होतं ना?"

"सुतीच होते. वरून फक्त..."

"ते जॅकेट कुठाय आता?"

"मशीनमध्ये," मी म्हटलं. मोरीकडून पाणी निचरल्याचा आवाज येत होता.